मालगुजार गेला, तलाव सरकारजमा झाला. गावाच्या हाती काय आले?

आपल्या गावच्या तलावाचा सातबारा तुम्ही कधी पाहिला आहे काय? शेताचा पाहिलाच असेल. कर्जाला तो लागतो, आधारभूत केंद्रावर धान विकायला लागतो, भावाभावांची वाटणी झाली की तर लागतोच लागतो. पण ऐन गर्भात आलेले धान ज्याच्या शेवटच्या पाण्याने तरले, त्या तलावाच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हे गावात दहा जणांना विचारा. दोघे म्हणतील ग्रामपंचायतीचे, दोघे म्हणतील जिल्हा परिषदेचे, एखादा म्हातारा म्हणेल, "अरे, तो तं मालगुजाराचा." प्रत्यक्ष कागद काढला की बहुतेक ठिकाणी एकच शब्द निघतो: सरकार.

या तलावांना आपण मामा तलाव म्हणतो. बाहेरून बदलून आलेल्या साहेबाला वाटते, कोणाच्या तरी मामाने बांधला असेल. 'माजी मालगुजारी' हे दोन शब्द कचेरीतल्या फायलींत 'मा. मा.' झाले आणि लोकांनी त्याचा मामा केला. गंमत सोडा, पण जमीन सुधारणेची सगळी कहाणी या 'माजी' शब्दात आहे. मालगुजार माजी झाला. तलाव माजी झाला नाही, तो अजून जागेवरच आहे. मधल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत त्याची पाळ खचली, पोटात गाळ भरला, कडेने बेशरम माजली. असे तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात सहा हजारांवर आहेत.

शेतकरी बांधवांनो, आज हा विषय काढण्याचे कारण आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनीबद्दल निकाल दिला. त्या जमिनीचे मूळही मालगुजारीतच आहे. तेव्हा तलाव आणि झुडपी हे दोन वेगळे प्रश्न समजू नका. एकाच कायद्याने एकाच दिवशी दोन्ही गावाच्या हातून गेले. तो दिवस ३१ मार्च १९५१.

मालगुजारी म्हणजे काय होते, हे आता साठीच्या आतल्या माणसाला सांगावे लागते. भोसल्यांच्या राज्यात मालगुजार हा वसुली करणारा पाटील. इंग्रजांनी १८६० च्या दशकात बंदोबस्त केला आणि या वसुलीदाराला गावाचा मालक करून टाकले. कुळांनी सारा मालगुजाराला द्यायचा, त्याने ठरलेला हिस्सा सरकारात भरायचा, उरले ते त्याचे. पडीत जमीन, जंगल, गुरचरण, तलाव, गावठाणाची मोकळी जागा, सारे त्याच्या मालकीत धरले गेले. कामठा, आमगाव यांसारख्या जमीनदाऱ्या तर कित्येक गावांच्या होत्या.

तलाव मात्र मालगुजारीहून जुने. कोहळी समाजाची तलाव बांधण्याची विद्या गोंड राजांच्या काळापासूनची. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन मिळे, असे परंपरा सांगते. नवेगावबांधचा अफाट जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे अर्जुनी मोरगावकडचे पोरही सांगेल. डोंगराच्या दोन खांद्यांमध्ये पाळ घालायची, पाणी सोडायला तुडूम ठेवायचे, जादा पाण्याला सलंग काढून द्यायची, वरच्या तलावाचे पाणी खालच्या तलावात उतरवायचे. हे सगळे लेव्हलच्या यंत्राशिवाय. आजच्या इंजिनिअर साहेबांनी एकदा सलंगीवर उभे राहून ते बघावे.

मालगुजाराच्या राज्यात या तलावाची निगा राहत होती. का राहत होती? तो धर्मात्मा होता म्हणून नाही. धान बुडाले तर सारा बुडतो, हे त्याला कळत होते. उन्हाळ्यात गावाला पाळीवर बोलावले जाई, गाळ निघे, खड्डे बुजत. त्यात बेगारही होती. ज्याच्या पाठीवर मातीची टोपली होती, त्याच्या नातवाला जुन्या काळाचे गोडवे सांगू नयेत. पण पाण्याची एक शिस्त होती. पाणकर तुडूम उघडे, कोणाच्या बांधीत पाणी आधी आणि कोणाच्या नंतर ते ठरलेले असे, आणि त्याला खळ्यावर धान मिळे. गावाच्या या चालीरीती 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात लिहून ठेवलेल्या होत्या. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आता कायद्याकडे येऊ. आपला भाग तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. १९४६ च्या सप्टेंबरात नागपूरच्या विधानसभेने ठराव केला की सरकार आणि कसणारा यांच्यामधला दलाल काढून टाकायचा. मुख्यमंत्री होते पंडित रविशंकर शुक्ल. स्वातंत्र्याला अजून वर्ष होते, तरी ठराव झाला, ही गोष्ट त्या पिढीच्या नेतृत्वाच्या खात्यावर जमा केलीच पाहिजे. १९५० च्या एप्रिलात विधेयक मंजूर झाले, जानेवारी १९५१ मध्ये राष्ट्रपतींची संमती आली आणि ३१ मार्चला मालकी हक्क सरकारात गेले. मालगुजार गप्प बसले नाहीत. अहेरीचे जमीनदार विश्वेश्वर राव सर्वोच्च न्यायालयात गेले. तोवर घटनेची पहिली दुरुस्ती झाली होती आणि आपला हा कायदा नवव्या परिशिष्टात जाऊन बसला होता. १९५२ च्या मे महिन्यात न्यायालयाने तो उचलून धरला.

कुळांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट झाली. जो बाप मालगुजाराच्या वाड्यासमोर जोडे हातात घेऊन चालत असे, त्याचा मुलगा थेट सरकारचा खातेदार झाला. याला कमी लेखू नका.

पण कायदा बारकाईने वाचा. मालगुजाराला नुकसानभरपाई मिळाली. त्याची घरची शेती, म्हणजे सीर आणि खुदकाश्त, त्याच्याकडे राहिली. वाडा, विहिरी, बागा राहिल्या. तलावांपैकी ज्यावर त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाचाही सिंचनाचा हक्क नव्हता, तो तलावही त्याच्याकडेच राहिला. आणि ज्या तलावावर गावाचा हक्क होता, तो? तो सरकारात गेला!

पुन्हा वाचा ते वाक्य. एकट्या मालगुजाराचा तलाव मालगुजाराला, गावाच्या हक्काचा तलाव सरकारला. गावाचा हक्क होता म्हणून तो गावाला द्यावा, असे त्या वेळी कोणाच्या मनात आले नसेल असे नाही. पण गाव म्हणजे कोण, कोणाच्या नावे करायचे, याची सोय नव्हती. सरकार म्हणजे आता आपलेच, मग सरकारात गेले म्हणजे लोकांकडेच गेले, असा तो काळ होता.

हक्क बुडू नयेत म्हणून निस्तारपत्रक करण्यात आले. कोणत्या गट नंबरात गुरे चरतील, लाकूडफाटा कोठून आणायचा, मुरूम-माती कोठली, प्रेत कोठे जाळायचे, हे सगळे त्यात लिहिले गेले. वापराचा हक्क गावाचा, मालकी सरकारची. आणि दुरुस्तीची जबाबदारी? इथे सगळे घोडे पेंड खाते. मालगुजाराच्या बोलावण्यावर जाणारे गाव सरकारी तलावाच्या पाळीवर फुकट का जाईल? सरकारजवळ इतक्या तलावांना पुरेल एवढे ना माणूसबळ, ना पैसा. पुढे जिल्हा परिषदा आल्या, लहान तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. पाणीपट्टीची गोष्ट निघाली की शेतकरी म्हणतो, निस्तारहक्काचे पाणी आहे, पट्टी कशाची? खाते म्हणते, पट्टी नाही तर दुरुस्ती कशातून? दोघांचेही बरोबर आहे आणि तलाव मात्र फुटतो आहे.

तलावातल्या मासोळीचेही तसेच. ढिवर बांधवांची पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारी ठेक्यात गेली. ठेका ज्याच्या नावे त्याला पाणी भरपूर हवे, उन्हाळी धानवाल्याला पाणी सोडून हवे, आणि बुडीत भागात अतिक्रमण करून नांगर चालवणाऱ्याला तलाव रिकामाच हवा. पूर्वी हे भांडण मालगुजाराच्या ओसरीवर तुटत असे, बरे-वाईट कसेही. आता ते कोणत्या टेबलावर तुटते, सांगा!

तलाव सोडून जंगलाकडे वळू. मालगुजारी जंगलही सरकारात आले. त्यातले दाट जंगल वनखात्याकडे गेले. उरली खुरटी झुडपे, खडकाळ, मुरमाड, चराईची जमीन. तिची नोंद 'झुडपी जंगल' अशी झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. नोंदी मात्र त्याच पुढे आल्या. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत अशी जमीन सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. गावे वाढली तशी तिच्यावर घरे झाली, शाळा झाल्या, पंचायतीची इमारत झाली, कोणी भूमिहीन नांगर घालून बसला. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. नावात जंगल आहे ना? मग केंद्राच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही! त्यानंतर १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनाची व्याख्या आणखी रुंद केली आणि राहिलेली फटही बुजली.

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत झुडपीचा प्रश्न आला आणि प्रत्येक निवडणुकीनंतर तो कपाटात गेला. आश्वासन न देणारा पक्ष आठवत असेल तर मला नक्की कळवा.

आता तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने दिलेल्या २०२५ च्या निकालाचा सार असा. झुडपी जंगल ही वनसंवर्धन कायद्यापुरती वनजमीनच आहे. परंतु १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने जी जमीन वाटली आणि जिचे वर्गीकरण बदललेले नाही, तिच्यासाठी राज्य सरकारने जिल्हानिहाय एकत्र प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा, आणि त्यावर पर्यायी वनीकरणाची किंवा जंगलाची किंमत भरण्याची अट घालू नये. त्या तारखेनंतरच्या वाटपाला मात्र कारणे द्यावी लागतील आणि वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावेही द्यावी लागतील. न वाटलेले आणि जंगलाला लागून नसलेले तीन हेक्टरखालचे तुकडे संरक्षित वन जाहीर करायचे आहेत. म्हणजे तलाठी भाऊसाहेबांच्या दप्तरातील जुन्या वाटपाचा आदेश आता सोन्याच्या भावाचा झाला. ज्यांच्या घरी तो पत्र्याच्या पेटीत आहे त्यांनी आधी त्याची झेरॉक्स काढावी. वाळवीला तारीख समजत नाही.

मालक हटवला, मालमत्ता सरकारात घेतली आणि कसणाऱ्याच्या हाती पक्का कागद दिलाच नाही, हे फक्त आपल्याकडेच झाले काय? आफ्रिकेतल्या झिंबाब्वेचे उदाहरण बघा. १८ एप्रिल १९८० ला हा देश स्वतंत्र झाला. चांगली काळी जमीन काही हजार गोऱ्या शेतकऱ्यांकडे होती आणि बहुसंख्य काळी जनता हलक्या, पाणी नसलेल्या भागात कोंबलेली. लंडनच्या लँकेस्टर हाउस करारात असे ठरले होते की पहिली दहा वर्षे गोऱ्या मालकाने राजीखुशीने विकली तरच जमीन घ्यायची. रॉबर्ट मुगाबे स्वातंत्र्यलढ्यातून आलेले नेते, शिकलेले, लोकप्रिय. दहा वर्षे गेली, वीस वर्षे होत आली, भूमिहीन वाटच बघत राहिला. २००० च्या फेब्रुवारीत नव्या घटनेसाठी घेतलेले सार्वमत मुगाबे हरले आणि एकाएकी त्यांना जमिनीची आठवण झाली. माजी सैनिकांचे जमाव मळ्यांवर चालून गेले, सरकारने मागून शिक्का मारला.

दीड लाखावर कुटुंबांना जमीन मिळाली, हे खरे. मंत्री, लष्करी अधिकारी आणि पक्षातले वजनदार लोक यांनी मोठे मळे पटकावले, हेही खरे. पण आपल्या कामाची गोष्ट तिसरीच आहे. २००५ मध्ये घटना बदलून ही जमीन सरकारच्या मालकीची करण्यात आली. शेतकऱ्याच्या हाती आले ते वाटपपत्र, फार तर नव्याण्णव वर्षांचा पट्टा. बँक म्हणे, या कागदावर कर्ज देता येत नाही. एका मालकाच्या हातात असलेले पंप आणि पाइप वाटणीत विस्कटले. आणि वाटपपत्र देणारा तोच काढूनही घेऊ शकतो, हे माहीत असलेला शेतकरी मत कोणाला देणार? २००८ पर्यंत महागाई इतकी भडकली की पुढच्या वर्षी देशाला आपले चलन सोडून परक्या चलनात व्यवहार करावा लागला. २०१७ च्या नोव्हेंबरात मुगाबेंना पायउतार व्हावे लागले. २०२० मध्ये सरकारने गोऱ्या शेतकऱ्यांना मळ्यांवरील बांधकामे आणि सुधारणांपोटी साडेतीनशे कोटी डॉलर देण्याचा करार केला, आणि २०२४ च्या अखेरीस शेतकऱ्यांना मालकीचे कागद द्यायची योजना काढली. जमीन घेतल्यानंतर चोवीस वर्षांनी.

आपल्याकडे मळ्यांवर जमाव गेले नाहीत, सगळे विधानसभेत आणि न्यायालयात झाले. हा फरक फार मोठा आहे आणि त्यासाठी नागपूरच्या त्या जुन्या नेत्यांना मानले पाहिजे. शेताच्या बाबतीत कागदही झाला, जरी सगळ्यांचा नाही. विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्याने १ एप्रिल १९६१ ला कुळे मालक होणार होती, पण ज्याचे नावच कागदावर नव्हते त्याला काय मिळणार? १९६१ चा कमाल जमीन कायदा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना झाला. १९७५ मध्ये त्याची मर्यादा खाली आली आणि भंडारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू धानाच्या जमिनीसाठी ती ३६ एकर ठरली. त्याआधीच कित्येक वाड्यांमध्ये कागदोपत्री वाटण्या होऊन गेल्या होत्या. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते उरलेल्या पडीत जमिनीसाठी. आजही ठेक्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही, म्हणून त्याने पिकवलेले धान मालकाच्या नावाने केंद्रावर जाते आणि बोनस जाहीर झाला तर तोही त्याच नावावर पडतो. हे गोंदियात कोणाला सांगायला नको.

पण सामाईक मालमत्तेच्या बाबतीत आपण आणि झिंबाब्वे एकाच बांधावर उभे आहोत. मालक हटवला, मालकी सरकारकडे नेली आणि वापरणाऱ्याला सांगितले, तू वापर, पण हे तुझे नाही. माझे मत विचाराल तर १९५१ च्या कायद्यातली ही सर्वांत महागात पडलेली गोष्ट आहे. मालगुजारी जायलाच हवी होती. मात्र तिच्या जागी गावाला बसवण्याचे काम राहून गेले, आणि नंतरच्या एकाही नेत्याने ते हाती घेतले नाही. सरकारी तलावाच्या दुरुस्तीचे भूमिपूजन करता येते. गावाच्या मालकीच्या तलावावर नारळ फोडायला गावच पुरे असते.

सरपंच मंडळींनी इकडे लक्ष द्यावे. दार पूर्ण बंद नाही. २००६ चा वनहक्क कायदा काढून कलम ३ वाचा. सामूहिक हक्कांत 'निस्तार' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, आणि जमीनदारीसारख्या मधल्या राजवटींत जे हक्क वापरले जात होते तेही त्यात धरले आहेत. मासे, पाणी, चराई यांचाही उल्लेख आहे. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये याच कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि तिथला बांबू गावाने विकून दाखवला. आता सर्वोच्च न्यायालयच झुडपीला वनजमीन म्हणत असेल, तर झुडपीत असलेल्या तलावावर आणि चराईवर ग्रामसभेने वनहक्काचा दावा का करू नये? खाते हरकत घेईल, घेऊ द्या. वनजमीन म्हटले की घर पाडायला ती वन, आणि हक्क मागायला गेले की महसुली, असे दोन्हीकडून चालणार नाही. दाव्याला उपविभागीय समिती आहे, जिल्हा समिती आहे, तिथे भांडता येते.

ज्या गावचा तलाव वनजमिनीत नाही, तिथे महसूल संहिता आहे. १९६६ च्या संहितेत विदर्भासाठी निस्तारपत्रकाचे कलम १६१ आणि वाजिब-उल-अर्जचे कलम १६५ राखून ठेवलेले आहे. त्या कागदात आपल्या गावच्या तलावाचे पाणी कोणत्या बांध्यांना जाते, मासोळी कोणाची, याची नोंद असेल तर तो पुरावा आहे. नोंद चुकीची किंवा अपुरी असेल तर ती दुरुस्त करून मागता येते. ग्रामसेवक साहेबांनी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि ठरावात गट नंबर लिहावा. नुसते 'गावचा तलाव' असे लिहिलेला ठराव वर गेला की परत येतो.

नकला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागाव्यात. निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि बंदोबस्ताचा नकाशा, तिन्ही एकाच अर्जात लिहा. मिळत नाही असे तोंडी सांगितले तर माहिती अधिकारात लेखी उत्तर घ्या. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्यामुळे जुने कागद इथे सापडले नाहीत तर भंडाऱ्याला चौकशी करावी लागेल. आणि अर्जात मौज्याचे जुने नाव, जुना पटवारी हलका नंबर आणि जुना खसरा नंबर घालायला विसरू नका. नव्या टोल्याच्या नावाने १९५१ च्या दप्तरात काही सापडत नाही.